केटनचा गोठा

‘खाण तशी माती’ असे म्हणून मराठी शेतकरी मोकळा होतो. या तीन शब्दांत वंशशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त साठवलेला आहे, हे खरे. पण त्यातच एक अडचणही दडलेली आहे. माती डोळ्यांना दिसते, खाण दिसत नाही. बाजारात उभ्या केलेल्या खोंडाची छाती, पाठ, खूर, कातडीची तकाकी, शिंगांची ठेवण हे सारे जाणत्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु हाच खोंड उद्या वळू म्हणून राखला तर त्याची वासरे त्याच्यासारखी निपजतील की नाही, हे त्याच्या अंगावर कोठेही लिहिलेले नसते. देखणा वळू आणि गुणी वळू या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि हा भेद ध्यानात यावयास मनुष्यजातीला गोपालनाची कित्येक सहस्रके खर्च करावी लागली.

असे गुणी जनावर ओळखावे कसे, आणि ओळखल्यावर त्याचा गुण एकाच गोठ्यात कोंडून न ठेवता मुलखात पसरवावा कसा, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखविली, त्यांत इंग्लंडच्या उत्तर भागातील दोन शेतकरी बंधूंचे नाव अग्रभागी आहे. चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग हे ते बंधू. त्यांच्यापाशी राजाश्रय नव्हता आणि हजारो जनावरांचे कळपही नव्हते. डरहॅम परगण्यात डार्लिंग्टन गावाच्या उत्तरेस केटन येथे चार्ल्सचा गोठा होता, आणि जवळच बार्म्प्टन येथे रॉबर्टचा. तरीही अठराव्या शतकाच्या अखेरीस या दोन गोठ्यांतून जे रक्त बाहेर पडले, ते पुढे अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या कुरणांत पोहोचले.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी त्या काळच्या इंग्लंडकडे थोडे पाहिले पाहिजे. तेथे पूर्वी गावची जनावरे सामाईक कुरणात एकत्र चरत. कोणत्या गाईला कोणता वळू लागला याचा हिशेब कोणी ठेवीत नसे, आणि ठेवू म्हटले तरी तो ठेवता येण्यासारखा नव्हता. अठराव्या शतकात कुरणांना कुंपणे पडू लागली. या कुंपणबंदीने अनेक गरीब कुटुंबांचा चराईचा हक्क गेला, ही तिची काळी बाजू इतिहासाने नोंदविलेली आहे. परंतु ज्याच्या वाट्याला बंदिस्त कुरण आले, त्याला आपली गाय कोणत्या वळूकडे न्यावयाची हे प्रथमच स्वतः ठरविता येऊ लागले. त्याच वेळी शहरे वाढत होती, आणि मांस, दूध व लोणी यांची मागणीही वाढत होती. निवडीला वाव मिळाला आणि निवडीला मोलही आले.

या वावाचा पहिला मोठा उपयोग केला तो लेस्टरशायरमधील डिशली येथील रॉबर्ट बेकवेल याने. १७२५ मध्ये जन्मलेला हा मनुष्य हाडाचा शेतकरी होता. त्याने मेंढ्या आणि लांब शिंगांची गुरे यांवर आयुष्यभर प्रयोग केले. नावाजलेल्या जनावरांचे सांगाडे आणि मिठाच्या पाण्यात मुरविलेले मांसाचे तुकडेही तो जपून ठेवी. हाडाची जाडी किती उतरली, चरबीचा थर किती चढला, हे पिढ्यान्‌पिढ्या ताडून पाहण्याचा त्याचा तो संग्रह होता. पण त्याची खरी युक्ती वेगळीच होती. तो आपले उत्तम मेंढे विकीत नसे, तर हंगामापुरते भाड्याने देई. आरंभी या भाड्याचे सतरा-अठरा शिलिंग हाती पडत. पुढे १७८९ मध्ये केवळ तीन मेंढ्यांच्या भाड्यापोटी त्याला १२०० गिनी मिळाल्या. एक गिनी म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग.

पैशाचा हा भाग लोकांच्या डोळ्यांत भरला, पण त्यातले मर्म थोड्यांच्याच लक्षात आले. भाड्याने गेलेला मेंढा निरनिराळ्या मालकांच्या, निरनिराळ्या मातीवरच्या कळपांत आपली कोकरे मागे ठेवून परत येई. ती कोकरे कशी निघाली हे पाहिले की कोणत्या मेंढ्याच्या ठिकाणी गुण उतरविण्याची शक्ती आहे, हे कळून चुके. मग तोच मेंढा पुन्हा घरच्या कळपात लावावयाचा. ‘संततीवरून जनकाची परीक्षा’ हे जे तत्त्व आज पशुविज्ञानाचा आधारस्तंभ मानले जाते, ते बेकवेलने दुसऱ्यांच्या कुरणांत, दुसऱ्यांच्या खर्चाने सिद्ध करून घेतले. त्याची दुसरी रीत याहून धाडसाची होती. गुण पक्का करण्यासाठी तो जवळच्या रक्ताची जनावरे एकमेकांस लावी. बाप आणि मुलगी, भाऊ आणि बहीण असा सगोत्र संबंध त्या काळच्या लोकांना अशुभ वाटे. बेकवेलने त्याची पर्वा केली नाही. तथापि त्याच्या यशालाही उणेपणा होता. त्याची लांब शिंगांची गुरे लवकर पुष्ट होत, पण त्यांचे दूध घटले आणि वीण मंदावली. पुढे ती जात मागे पडली. एकाच गुणाच्या मागे लागले की दुसरा गुण हातचा जातो, हा धडा डिशलीनेच प्रथम दिला.

१७८३ च्या सुमारास चार्ल्स कॉलिंग या बेकवेलच्या गोठ्यावर जाऊन राहिला, आणि तेथली पद्धत डोळ्यांखालून घालून परतला. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट हा आधी किराणा मालाच्या दुकानात उमेदवारी करीत होता. प्रकृती साथ देईना म्हणून तो शेतीकडे वळला होता. त्यांच्या मुलखात, टीज नदीच्या खोऱ्यात, आखूड शिंगांची भरदार गुरे पूर्वीपासूनच प्रसिद्ध होती. गाई दुधाळ होत्या, बैल थोराड होते. पण हाड जाड, ठेवण ओबडधोबड, आणि अंग भरावयास फार वेळ लागे. चांगली जनावरे पुष्कळ होती, परंतु चांगुलपणा खात्रीने पुढे चालविणारे जनावर कोणते, हे कोणासच सांगता येत नव्हते. म्हणजे कॉलिंग बंधूंना खाण नव्याने खोदावयाची नव्हती. ती कोठे आहे एवढेच हुडकून काढावयाचे होते.

ती त्यांना जेथे सापडली ते ठिकाण मोठे मजेचे आहे. हर्वर्थ गावी हंटर नावाचा एक गवंडी राहत असे. त्याच्यापाशी स्वतःचे कुरण नव्हते. एक लहानखुरी गाय होती, ती रस्त्याच्या कडेला, कुंपणांच्या मधल्या गल्ल्यांतून चरे. या गाईला १७७७ मध्ये एक खोंड झाला. पुढे गाय आणि वासरू दोन्ही डार्लिंग्टनच्या बाजारात विकली गेली. असे सांगतात की, चांगल्या कुरणात गेल्यावर ती गाय इतकी पुष्ट झाली की ती पुन्हा गाभण राहिली नाही. खोंड मात्र हस्ते परहस्ते फिरत राहिला. त्याच्या मालकांपैकी कोणालाही तो विशेष वाटला नाही. अंगाने तो लहान होता, रंग पिवळसर तांबडा व मध्ये पांढरा, डोळा शांत. आणि कातडी मात्र हाताला विलक्षण मऊ लागे.

चार्ल्स कॉलिंगच्या नजरेस तो कसा पडला याच्या एकाहून अधिक हकीकती आहेत. एका हकीकतीप्रमाणे रॉबर्ट आणि त्याचा एक शेजारी यांनी हा वळू वाटेने जाताना चरत असलेला पाहिला आणि दोघांनी मिळून तो विकत घेतला. दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. चार्ल्स दर आठवड्यास डार्लिंग्टनच्या बाजाराला जाई. तेथे विकावयास येणाऱ्या कोवळ्या वासरांमध्ये काही वासरे इतरांहून सरस असतात, असे त्याच्या ध्यानात आले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याने चौकशी केली, तेव्हा ती सारी वासरे एकाच वळूची असल्याचे कळले. आणि तो वळू म्हणजे हाच, रस्त्याकडेच्या गाईचा मुलगा. तेव्हा त्याचे वय सहा वर्षांचे होते. आठ-दहा गिनींच्या आत-बाहेर किंमत देऊन तो केटनला आला. पुढे त्याला ‘हबक’ हे नाव मिळाले आणि आखूड शिंगांच्या जातीचा मूळपुरुष म्हणून त्याची गणना झाली.

या दोन हकीकतींपैकी कोणती खरी याचा निकाल लावण्याचे कारण नाही. बाजारातली हकीकत लोकांनी इतक्या प्रेमाने जतन केली, याचे कारण तिच्यात पशुपरीक्षेचे सगळे रहस्य आले आहे. इतरांनी वळू पाहिला. चार्ल्सने वळूची वासरे पाहिली. इतरांनी त्याची उंची मोजली. चार्ल्सने त्याचे कर्तृत्व मोजले. आणि गंमत अशी की, एवढे करूनही हबकचे पूर्ण मोल त्या वेळी त्यालाही कळले नव्हते. दोन वर्षे वापरून १७८५ मध्ये त्याने तो विकून टाकला. हबकच्या मुली आणि मुलींच्या मुली गोठ्यात दिसू लागल्या, तेव्हा आपण काय हातचे घालविले हे ध्यानात आले, असे पुढच्या पैदासकारांनी म्हटले आहे. वळूचा न्याय नेहमी उशिरा होतो. त्याच्या मुली दुधावर येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात, आणि तोवर मालकाचा धीर टिकला पाहिजे.

वळूच्या कीर्तीच्या झगमगाटात गाईंचा विसर पडतो, पण केटनच्या भाग्योदयात गाईंचा वाटा अर्ध्याहून उणा नव्हता. चार्ल्सची पत्नी मेरी ही गुरांची मोठी जाणकार होती, आणि गोठ्यातील निर्णयांत तिचे लक्ष पतीइतकेच असे. एरीहोम येथील मेनार्ड यांच्याकडे एक सुलक्षणी गाय या दांपत्याच्या मनात भरली. ती त्यांनी कालवडीसह विकत घेतली आणि पूर्वीच्या मालकाच्या नावावरून तिला ‘लेडी मेनार्ड’ म्हटले. दुसरी एक गाय स्टॅनविक येथून आली, तिचे नाव ‘डचेस’. अशा वेचक गाई थोड्या होत्या, म्हणूनच प्रत्येकीची वेते, प्रत्येकीचे दूध, प्रत्येकीची वासरे मालक-मालकिणीच्या तोंडी होती. मोठ्या कळपात जनावर हा एक आकडा होतो. लहान गोठ्यात ते एक व्यक्ती असते. केटनचा लहानपणा हीच त्याची शक्ती होती.

लेडी मेनार्डची मुलगी ‘फीनिक्स’, आणि फीनिक्सचा १७९३ मध्ये जन्मलेला मुलगा ‘फेव्हरिट’. या फेव्हरिटवर चार्ल्सने आपला सारा डाव लावला. त्याला त्याच्या स्वतःच्या आईस लावले. तिला कालवड झाली ती ‘यंग फीनिक्स’. तीच कालवड मोठी झाल्यावर पुन्हा फेव्हरिटलाच लावली, आणि १८०४ मध्ये जो खोंड जन्मला त्याचे नाव ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू. ज्या देशात सपिंड आणि सगोत्र यांचा विचार विवाहाआधी करतात, तेथील श्रोत्यांना ही वंशावळ ऐकून दचकल्यासारखे होईल. पण तिच्यामागचा विचार स्पष्ट होता. एका उत्तम जनावराचा गुण अर्धा, पाव, दोन आणे असा विरत न जाता वासरात शक्य तितका भरघोस उतरावा, एवढाच त्याचा हेतू. या खेळातला धोकाही तितकाच मोठा असतो, कारण गुणांबरोबर लपलेले दोषही दुप्पट होतात. ज्याच्या हाती निर्दयपणे निवड करण्याचे धैर्य नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. कॉलिंग बंधू त्या धोक्यातून एका पिढीपुरते सुखरूप पार पडले. त्यांच्या वारसांचे तसे झाले नाही. ती गोष्ट पुढे येईल.

जनावर ओळखले, वंश पक्का केला. आता प्रश्न राहिला तो गुणाच्या प्रसाराचा. त्या काळी वृत्तपत्रे थोडी, शेतकरी आपल्या परगण्याबाहेर फारसा न जाणारा. फेव्हरिटचे नाव केटनबाहेर कोणाला कळणार? कॉलिंग बंधूंच्या गोठ्यांतून यासाठी जे दोन प्रचारक बाहेर पडले, ते इतिहासात अद्वितीय आहेत. त्यांपैकी पहिला ‘डरहॅमचा बैल’. हा १७९६ मध्ये जन्मलेला फेव्हरिटचा मुलगा. त्याची आई मात्र बाजारातून आणलेली सामान्य गाय. हा खच्ची केलेला बैल इतका प्रचंड आणि प्रमाणबद्ध वाढला की १८०१ च्या आरंभी एका गृहस्थाने तो प्रदर्शनासाठी १४० पौंडांस विकत घेतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जॉन डे याने बैल आणि त्याची खास गाडी मिळून २५० पौंडांस घेतली, आणि दोन महिन्यांच्या आत २००० पौंडांची मागणी येऊनही ती नाकारली. पुढे सुमारे सहा वर्षे तो बैल गाडीत बसून इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडला. लोक पैसे देऊन त्याला पाहत. त्याची चित्रे छापली गेली आणि घरोघर टांगली गेली. १८०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्याच्या कमरेचे हाड निखळले, आणि शेवटी त्याला मारावे लागले. पण इंग्लंडातील कित्येक खाणावळी आणि मद्यगृहे आजतागायत त्याचे नाव मिरवितात.

दुसरी प्रचारक रॉबर्टच्या गोठ्यातील एक शुभ्र कालवड. तिला इतिहासात ‘प्रवासाला गेलेली पांढरी कालवड’ याच नावाने ओळखतात. तीही फेव्हरिटचीच मुलगी. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली असल्यामुळे ती वांझ होती. अशा जुळ्यांतील कालवड बहुधा वांझच निघते, हे गुराखी जाणतात.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या दोन जनावरांनी या वंशाची कीर्ती देशभर नेली, त्या दोघांनाही स्वतःचे वासरू होणे शक्य नव्हते. एक खच्ची, दुसरी वांझ. पाहणाऱ्याला ती विकत घेऊन पैदास करता येत नव्हती. त्याला त्यांच्या बापाचे घर विचारीत केटनलाच यावे लागे. सामान्य गाईच्या पोटी असा बैल निपजत असेल, तर चांगल्या गाईच्या पोटी काय निपजेल, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात आपोआप उभा राही. जाहिरात मुलांची झाली आणि मागणी बापाला आली. अर्थात यात फसगतीचेही बीज होते. प्रदर्शनातल्या जनावराची चरबी पाहून लोक भाळले, आणि पुढची पन्नास वर्षे इंग्लंडच्या प्रदर्शनांतून चालता येणार नाही इतकी लठ्ठ जनावरे पारितोषिके पटकावीत राहिली. दाखविण्याचा गुण आणि दावणीला उपयोगी पडणारा गुण यांत अंतर पडू लागले.

१८१० च्या ऑक्टोबर महिन्यात चार्ल्स कॉलिंगने आपला गोठा लिलावात काढला. सारी मिळून अवघी ४७ जनावरे. त्यांत वासरेही आली. दूरदूरच्या परगण्यांतून माणसे लोटली. सहा वर्षांच्या कॉमेटची बोली चढत चढत १००० गिनींवर गेली. एका वळूला एवढी किंमत त्यापूर्वी कोणी ऐकली नव्हती. ती एका धनिकाने दिली नाही, तर चार शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दिली, ही बाब किमतीहूनही महत्त्वाची आहे. एकट्याला न परवडणारा वळू चौघांच्या गोठ्यांना कामी आला. सहकाराचे नाव जन्माला येण्यापूर्वी त्याचे हे एक रूप होते. साऱ्या लिलावाची रक्कम ७००० पौंडांच्या वर गेली. परिसरातील पैदासकारांनी वर्गणी काढून चार्ल्सला चांदीचे पात्र अर्पण केले, आणि आखूड शिंगांच्या जातीचा थोर सुधारक म्हणून त्याचा गौरव केला.

गोठा पांगला, तेव्हा एक नवीनच संकट उभे राहिले. आतापर्यंत सारी वंशावळ दोन भावांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या स्मरणात होती. आता जो तो आपल्या दारच्या खोंडाला ‘कॉमेटचा नातू’ म्हणू लागला. आपल्याकडे म्हणतात तसे, ‘बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर’ असा प्रसंग आला. हे काम अंगावर घेतले ते जॉर्ज कोट्स नावाच्या एका वृद्ध पैदासकाराने. आपल्या पांढऱ्या तट्टावर बसून, खोगिराच्या पिशव्यांत कागद भरून, तो गोठ्यागोठ्यांतून हिंडला. म्हाताऱ्या गड्यांना आणि मालकांना विचारून त्याने कोणाची आई कोण, कोणाचा बाप कोण, हे लिहून काढले. कापसाच्या गिरणीचे मालक जोनास व्हिटेकर यांनी त्याला पैशाचे साहाय्य केले, आणि १८२२ मध्ये ‘कोट्सची वंशवही’ छापून बाहेर पडली. शर्यतीच्या घोड्यांची अशी वही १७९१ मध्येच निघाली होती. गुरांच्या जातीची मात्र ही जगातील पहिली. ७१० वळू आणि ८५० गाई तिच्यात नोंदलेल्या होत्या. गवंड्याच्या गाईचा तो खोंड, ज्याला एके काळी कोणी विचारीत नव्हते, तो आता छापील ग्रंथात एका कुळाचा मूळपुरुष म्हणून विराजमान झाला.

एवढ्यावर ही कथा संपती तर ती सुखान्त झाली असती. परंतु वही ही साधन आहे, साध्य नव्हे, याचा विसर पडायला वेळ लागला नाही. टॉमस बेट्स या पैदासकाराने केटनच्या लिलावात डचेस घराण्याची एक कालवड १८३ गिनींस घेतली. बेट्स स्वतः डोळस होता. दुधाचे महत्त्व तो जाणीत होता. पण त्याच्या पश्चात त्या घराण्याच्या नावाचेच सोने झाले. गाय कशी आहे हे कोणी पाहीना, ती ‘डचेस’ आहे की नाही एवढेच पाहिले जाई. शुद्धतेच्या हट्टाने त्याच थोड्या रक्तात पैदास फिरत राहिली आणि वांझपण वाढत गेले. गाई दुर्मिळ झाल्या म्हणून किमती चढल्या, आणि किमती चढल्या म्हणून हट्ट वाढला. १८७३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क मिल्स येथील लिलावात या घराण्याची एक गाय ४०,६०० डॉलरांना विकली गेली. कागदाने गाईला गिळले. पुढे बाजार कोसळला आणि ते घराणेही नामशेष झाले. ज्या पद्धतीचा जन्म वासरे पाहण्यातून झाला, तिचा अंत वासरेच न होण्यात व्हावा, हा मोठा दैवदुर्विलास होय.

केटनची ही कहाणी दूरदेशीची असली तरी भारताशी तिचा संबंध नाही असे नाही. उत्तम गोवंशाची खाण आपल्याकडेही होती आणि आहे. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ ही नावे महाराष्ट्रातच नव्हे, तर बाहेरही आदराने घेतली जातात. माणदेशातील खिल्लार पाळणारा मेंढका किंवा घाटमाथ्यावरील डांगीचा धनी यांच्या डोळ्याला बेकवेलच्या डोळ्याची सर यावी. उणीव राहिली ती कोट्सच्या तट्टाची. आपली वंशावळ बहुतांशी तोंडी राहिली, आणि जाणता म्हातारा गेला की तिचे पान फाटून गेले.

याचा परिणाम ब्राझीलच्या उदाहरणावरून दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आंध्रातील ओंगोल आणि गुजरातेतील गीर व कांक्रेज ही जनावरे तेथे जाऊ लागली. त्या देशाने १९३८ मध्ये या भारतीय वंशांची नोंदवही उघडली. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातील ‘कृष्ण’ नावाचा गीर वळू तेथे गेला, आणि त्याच्या वंशजांची नावनिशी तेथे आजही जपली जाते. ज्या मुलखाने ते रक्त शेकडो वर्षे राखले, त्याच्या गोठ्यांत मात्र त्याच काळातील कित्येक तोलामोलाच्या वळूंचे नावही उरले नाही. जनावर गेले याचे दुःख एकपट, तर त्याची नोंद नाही याचे दुःख दुप्पट.

स्वतंत्र भारतात या उणिवेची जाणीव झाली नाही असे नाही. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी निसर्गोपचाराच्या कार्याबरोबर गीर गाईंचे संगोपन मनोभावे केले, आणि त्याच कार्यातून १९६७ मध्ये ग्रामीण पशुविकासाची मोठी संस्था उभी राहिली. १९८४ मध्ये देशातील पशुवंशांची नोंद आणि जतन यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली; तिचे कार्य हरियाणातील कर्नाल येथून चालते. कृत्रिम रेतनामुळे आता एका वळूची वासरे हजारो गोठ्यांत जन्म घेऊ शकतात. म्हणजे हबकसारखा वळू सापडला, तर त्याचा लाभ पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी होईल. आणि निवड चुकली, तर हानीही तितक्याच पटींनी होईल.

म्हणूनच दोन-चार गाईंच्या मालकाचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. वळूची खरी परीक्षा प्रयोगशाळेत सुरू झाली तरी संपते ती अशा असंख्य लहान गोठ्यांत, त्याच्या मुलींच्या कासेखाली ठेवलेल्या भांड्यात. गाय कोणत्या वळूला लागली, केव्हा व्याली, वासरू कसे निघाले, दूध किती दिवस आणि किती दिले, या चार ओळी जो शेतकरी घरच्या वहीत लिहितो, तो नकळत चार्ल्स कॉलिंगचे आणि जॉर्ज कोट्सचे काम एकत्र करीत असतो. त्या ओळी खऱ्या असाव्यात, आणि त्यांपुढे नावाचा मोह नसावा, एवढेच पथ्य.

केटनचा गोठा केव्हाच उठला. तेथले वळू चित्रांत आणि वह्यांत उरले आहेत. पण त्या साऱ्या वैभवाच्या मुळाशी ज्याला स्वतःचे कुरणही नव्हते अशा एका गवंड्याची रस्त्याच्या कडेला चरणारी गाय होती, हे विसरून चालणार नाही. अशी गाय आजही कोणत्या तरी बांधावर चरत असेल. तिच्या वासरांकडे दुसऱ्यांदा वळून पाहणारे कोणी आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.